शाफ्टरचा चढ

माझी धाकटी बहीण ओडिलिया दोन वर्षांनी माझ्या गॅरेजच्या दारात उभी राहिली ती गुरुवारी भर दुपारी, बाहेर टेक्सासच्या वाळवंटात एकशे बारा डिग्री फॅरनहाइट असताना. आणि पहिलं वाक्य काय, तर, "कुको, ओरडायचं असेल तर आधी ओरडून घे. मग गाडी बघ."

मी ओरडणार नव्हतो. देवाशप्पथ नव्हतो. पण तिने असं म्हटल्यावर माझं डोकं फिरलंच.

"दोन वर्षं कुठे होतीस?" मी म्हणालो. "प्रेसिडिओत धड गॅरेज एक, तेही सख्ख्या भावाचं. ते सोडून तू गाडी नेतेस अडीचशे मैलांवर, त्या काचेच्या शोरूमवाल्यांकडे. तिथल्या मेकॅनिकची नखं बघितलीस का कधी? तान्ह्या बाळासारखी गुलाबी. त्यांना काय कळतंय इंजिनातलं?"

"झालं?"

"नाही झालं."

"मग गाडी बघता बघता ओरड. माझ्याकडे शनिवारपर्यंतच वेळ आहे."

शनिवार म्हटल्यावर मात्र माझं तोंड मिटलं. तिच्या नवऱ्याच्या, चोनच्या, दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिससाठी अल्पाइनला न्यावं लागतं. जायला जवळजवळ नव्वद मैल, यायला तेवढेच. आज गुरुवार, आणि ती भर दुपारी माझ्यासमोर उभी. म्हणजे आजची खेप चुकली होती.

"तो कुठाय?"

"घरी. येत नाही म्हणतो."

"येत नाही म्हणजे काय? हे काय लग्नाचं आमंत्रण आहे?"

मग तिने मंगळवारचं सांगितलं. घरून निघाले तेव्हा एसी गार होता. शाफ्टरचा चढ लागला, एसीतून गरम वारा यायला लागला, आणि पाठोपाठ इंजिनचा काटा लालात. गाडी बंद पडली तर भर उन्हात अडकू, म्हणून तिने काचा खाली केल्या आणि हीटर फुल सोडला.

"हीटर?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जून महिन्यात? शेजारी आजारी माणूस बसलेला असताना? हे कुठल्या गाढवाने शिकवलं तुला?"

"तू शिकवलंस," ओडिलिया म्हणाली. "बाबांच्या पिकअपवर मला गाडी शिकवत होतास तेव्हा. चढावर इंजिन तापलं की हीटर लाव, इंजिनाची गरमी आत ओढून घे, थोडा घाम गेला म्हणून कुणी मरत नाही. तुझेच शब्द आहेत."

होते माझेच. इथले सगळे तसंच करतात, मीच निम्म्या गावाला शिकवलंय. मी हातातला पाना उगाच पुसत बसलो.

चोन चढाच्या मध्यावर बेशुद्ध पडला होता. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने थांबून त्याच्या मानेवर बर्फ ठेवला, तेव्हा कुठे डोळे उघडले. त्या दिवशीचं डायलिसिस कसंबसं झालं. पण संध्याकाळी घरी आल्यावर त्याने सांगून टाकलं, आता त्या रस्त्यावर पाय ठेवणार नाही, मरायचं तर स्वतःच्या पलंगावर मरेन, गाडीच्या भट्टीत भाजून मरणार नाही.

"गाडी नीट झाली तर?"

"तो म्हणतो, गाडी नीट होत नसते. चार वेळा 'झाली नीट' म्हणून आली आणि चार वेळा तीच गत. आजची एक चुकली, कुको. शनिवारचीही चुकली तर..." तिने पिशवीतून शोरूमचे कागद काढले.

मी ते घेतले आणि वाचता वाचता माझा रक्तदाब वाढला. पहिल्या वेळी एसीचा गॅस भरला. दुसऱ्या वेळी एसीचा कॉम्प्रेसर नवा. तिसऱ्या वेळी थर्मोस्टॅट. चौथ्या वेळी पुन्हा गॅस. अरे, एसी गार नाही म्हटलं की एसीत हात घालायचा, इंजिन तापतं म्हटलं की थर्मोस्टॅट बदलायचा, आणि दोन्ही तक्रारी एकाच बाईच्या, एकाच गाडीच्या, एकाच चढावरच्या आहेत हे कुणालाच सुचू नये? डोकं काय नुसतं टोपी घालायला दिलंय?

गाडी आत घेतली. इंजिन चालू ठेवून एसी फुल लावला. जाळीतून बर्फासारखी हवा. ओडिलिया म्हणाली, "बघ, इथे चालतो."

"बोलू नकोस. ऐक."

मी पाय देऊन इंजिन जरा जोरात पळवत ठेवलं. काटा मध्यावर आला, मग मध्याच्या पुढे सरकला. वीस मिनिटं गेली असतील. कॉम्प्रेसरमधून टक् असा आवाज आला आणि गार हवा तुटली. काटा लालाच्या तोंडाशी होता.

"ऐकलंस? एसी मेला नाही. गाडीने स्वतःच तो बंद केला. इंजिन फार तापलं की गाडी आधी एसी तोडते, इंजिनावरचा भार कमी व्हावा म्हणून. तुझ्या गाडीला त्या शोरूमवाल्यांपेक्षा जास्त अक्कल आहे. एसीला काही झालेलं नाही. कधीच झालेलं नव्हतं. इंजिन का तापतं एवढंच शोधायचंय."

पंखे बघितले, दोन्ही पळत होते. पट्टा ठीक. पंप ठीक. मग मी उष्णता मोजायची बंदूक घेतली आणि रेडिएटरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. वर दोनशे दहा. जरा खाली दोनशे. आणि मधल्या पट्ट्यात एकशे तीस. तापलेल्या इंजिनाचा रेडिएटर मधेच गार कसा लागेल? लागतो, त्या नळ्यांमधून पाणी जातच नसेल तर. अर्धा रेडिएटर बुजलेला होता. गावातल्या सपाट रस्त्यावर उरलेला अर्धा भागवून घ्यायचा, पण शाफ्टरच्या चढावर त्याचा जीव जायचा.

गाडी थंड होईपर्यंत दोन तास थांबलो. ओडिलियाला मी बुरिटो गरम करून दिला, तो तिने खाल्ला नाही. मग झाकण उघडलं. झाकणाचं रबर तडकून गेलं होतं. एवढंसं झाकण. दर खेपेला तिथून थोडं पाणी वाफ होऊन उडत असणार, आणि चार वेळा गाडी उघडलेल्या त्या गुलाबी नखांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ओडिलियाने दोन वेळा छातीवर क्रूसाची खूण केली.

आत कूलंटचा हिरवा रंग नावालाही नव्हता. नुसतं पाणी, गंजाने तांबूस झालेलं. मी बोट घातलं तर बोटाला पांढरी खर लागली. रेडिएटर उतरवला, बाजूची प्लास्टिकची टाकी पक्कडीने उचकटली. नळ्यांची तोंडं पांढरी फट्ट, चुना भरल्यासारखी.

"हे क्षाराचं पाणी आहे," मी म्हणालो. "बोअरचं. थोडंथोडकं नाही, शेकडो गॅलन. कुठल्या मूर्खाने..."

मी ओडिलियाकडे बघितलं आणि वाक्य तिथेच राहिलं. तिने तोंडावर हात धरला होता.

चोनने एकतीस वर्षं हायवेवर डांबराचं काम केलं. आमच्या रस्त्यावर बॉनेट वर केलेली गाडी दिसली की न थांबता कुणी पुढे जात नाही, पण चोन त्यातही वरचढ. त्याच्या गाडीत कायम चार कॅन पाणी, घरच्या बोअरचं. किती लोकांची तहान आणि किती लोकांची इंजिनं त्याने भागवली असतील त्याला गणती नाही. त्या काळची जुनी इंजिनं काहीही पचवायची. आता त्याला गाडी चालवता येत नाही, साखरेच्या आजाराने डोळे अधू झालेत. टायर उचलता येत नाही. बुटाची नाडीसुद्धा बायको बांधते.

"निघताना तो स्वतः झाकण उघडतो," ओडिलिया हळू आवाजात म्हणाली. "अल्पाइनला पोचल्यावर, इंजिन थंड झालं की पुन्हा. मी हात लावायचा नाही. म्हणतो, गाडीची काळजी माझ्याकडे. आणि त्याला स्वतःला दिवसाला चारच कप पाणी प्यायला परवानगी आहे, कुको. एकदा मी खिडकीतून बघितलं. अख्खा कॅन गाडीत ओतला आणि ओला हात नुसता ओठांना लावला."

मी बोटाला लागलेली पांढरी खर पँटला पुसली.

"त्याला सांगू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या हातापाया पडते. बाप्तिस्म्याच्या वेळी केलंस तसं करू नकोस."

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीच्या बाप्तिस्म्याला घरी जेवण होतं. चोनचं डायलिसिस नुकतंच सुरू झालेलं. त्याने तिसरी कोकची बाटली उघडली आणि माझा तोल गेला. चाळीस माणसांसमोर मी म्हणालो, "कुन्यादो, तुझ्या किडन्या तूच प्यायलास, बाटली बाटली करून." इथे मेव्हण्याला कुन्यादो म्हणतात, जवळच्या माणसाला लाडाने म्हणतात तसं. पण त्या दिवशी त्यात लाड नव्हता. ओडिलिया ताट तसंच ठेवून त्याला घेऊन निघून गेली, ती आज आली होती.

"नाही सांगणार," मी म्हणालो. "शपथ. कंपनीचा माल खराब निघाला म्हणेन."

शुक्रवारी सकाळी नवा रेडिएटर आला. इंजिनातली सगळी घाण मी औषध घालून तीन वेळा धुतली, नवं झाकण लावलं, हिरवं कूलंट भरलं, तेही शुद्ध पाण्यात मिसळलेलं. भर दुपारी एसी फुल लावून मी एकटा शाफ्टरचा चढ चढून आलो. काटा मध्यावर खिळा ठोकल्यासारखा बसून होता आणि मला स्वेटर आठवला. तरी आनंद असा काही झाला नाही. गाडी नीट झाली होती, पण चोन तिच्यात बसेल कशावरून?

चारच्या सुमाराला शेजाऱ्याच्या पिकअपमधून चोन स्वतः उतरला. मी दोन वर्षांत त्याला जवळून बघितलं नव्हतं. चेहरा सुजलेला, पाय इतके सुजलेले की बुटाऐवजी सपाता. एकच खेप चुकली होती आणि ही अवस्था. शेजाऱ्याने मागून चार कॅन उतरवून दारात ठेवले. काठोकाठ भरलेले.

"मी येणार नाहीये हां," त्याने आधीच सांगितलं. "पण ओडिलिया बाजाराला वगैरे जाईल. नवीन काम केलंस तर सुरुवातीला पाणी बघावं लागतं."

"लागत नाही," मी म्हणालो. "म्हणजे... ठेव तिथे."

"काय होतं?"

"रेडिएटर. कंपनीचा माल. खराब निघाला. होतं असं."

माझ्या आयुष्यात मी इतकं मिळमिळीत कधी बोललो नव्हतो. चोनने माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात पडलेल्या जुन्या रेडिएटरकडे. मी तो झाकून ठेवायला हवा होता. तो सपाता फरफटवत तिकडे गेला, वाकता येईना म्हणून उलट्या बादलीवर बसला आणि एका नळीच्या तोंडात नख घातलं. पांढरी भुकटी बोटावर घेतली, जिभेला लावली.

"हे माझ्या घरचं आहे," तो म्हणाला.

"काहीतरीच काय."

"कुको, हीच चव आमच्या किटलीच्या बुडाला आहे. त्या डायलिसिसवाल्या पोरीने मला सांगितलंय, नळाचं पाणी आधी यंत्रातून साफ करतात, नाहीतर क्षार रक्तात जातील. माझ्यासाठी साफ करतात. आणि मी दर खेपेला गाडीत हेच ओततोय." त्याचा आवाज वाढायला लागला. "म्हणजे गाडी मी मारली. मंगळवारी बेशुद्ध पडलो तो माझ्याच हाताने. आणि तू मला सांगतोस कंपनीचा माल?"

"ओडिलिया म्हणाली..."

"ओडिलिया म्हणणारच. ओडिलिया माझ्याशी चर्चमध्ये बोलतात तशी बोलते. माझी मुलगी फोनवर तशीच बोलते. डॉक्टर माझ्यासमोर बसतो आणि बोलतो बायकोशी. दोन वर्षं झाली, कुणी मला एक शब्द वाकडा बोललेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत ना, तसं." त्याने रेडिएटरवर मूठ आपटली. "फक्त तू बोलला होतास. चाळीस माणसांसमोर. मला इतका राग आला होता की रात्रभर झोपलो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी कोकच्या बाटलीला हात लावला नाही. तुला ते कुणी सांगितलं? कुणीच नाही. आणि आता तूही? तूही हळू आवाजात?"

तो सुजलेला, लाल झालेला, माझ्यासमोर बसला होता. आणि माझ्या लक्षात आलं की मला त्याचा भयंकर राग आलेला आहे. कालपासून आलेला आहे, आणि मी तो शपथेखाली दाबून ठेवलाय.

"बरं," मी म्हणालो. "ऐक मग."

आणि मी सुरू केलं. गॅरेजचं पत्र्याचं छप्पर दणाणलं. म्हटलं, एकतीस वर्षं हायवेवर घातलीस आणि गाडीत हिरवं घालायचं असतं एवढी अक्कल आली नाही? म्हटलं, झाकणाचं रबर तडकलंय, दर खेपेला उघडतोस, डोळे अधू आहेत, बोटं तर अधू नाहीत ना? पाणी कमी होतंय तर कुठे जातंय हे विचारायचं सोडून नुसतं ओततोस, माठ आहे का तो? म्हटलं, एका खेपेला दमलास आणि लगेच पलंगावर मरायला निघालास, माझ्या बहिणीने काय करायचं मग, त्या पलंगाला डायलिसिसला न्यायचं? हीटर लावायला मी शिकवलं, ती माझी चूक, माझ्या तोंडावर थुंक. पण पाणी तुझं होतं, कुन्यादो, आणि उद्या तू त्या गाडीत बसला नाहीस तर मी तुला रेडिएटरसारखा उचकटून त्या सीटवर बसवीन.

शेजारी पिकअपमध्ये जाऊन बसला आणि काच वर केली.

माझा श्वास संपला तेव्हा चोन बादलीवर तसाच होता. त्याचे डोळे ओले होते, पण पाठ ताठ.

"हिरवं कुठलं ते?" त्याने विचारलं.

मी कपाटातून तयार मिसळलेल्या कूलंटचे दोन कॅन काढून त्याच्यासमोर आदळले. "हे. फक्त हे. इंजिन थंड असताना. आणि कमी झालं तर गुपचूप ओतायचं नाही, मला फोन करायचा, मी शिव्या देईन, मग ओतायचं. ते तुझे बोअरचे चार कॅन लोकांना प्यायला ठेव. गाडीला पाजलंस तर हात तोडीन."

"उद्या किती वाजता?" चोन म्हणाला.

"अकराला. मी चालवणार."

"तू का?"

"माझी मर्जी."

शनिवारी सकाळी अकराला मी गाडी घेऊन गेलो तेव्हा तो अंगणात तयार होता. नव्या झाकणावरून त्याने बोटं फिरवली, रबर चाचपून बघितलं, हिरव्याची पातळी बघितली, आणि मान हलवली. ओडिलिया मागे बसली. माझ्याकडे बघत नव्हती. शपथ मोडल्याचं तिला कळलं होतं. कळणारच, अख्ख्या गावाला ऐकू गेलं होतं.

हमरस्त्याला लागलो. मग चोन पुढे बघत म्हणाला, "काल झाकणापर्यंत आला होतास."

"काय?"

"ओरडताना. झाकणाचं नीट झालं नव्हतं. मधेच माठावर गेलास."

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. तेव्हा मी पुन्हा झाकणापासून सुरुवात केली. झाकणावरून त्याच्या डोळ्यांवर आलो, डोळ्यांवरून साखरेवर, साखरेवरून त्याच्या बापावर, ज्यानेसुद्धा कधी डॉक्टरचं ऐकलं नव्हतं. त्यानेही मधे मधे मला सुनावलं, माझ्या हीटरवरून, माझ्या तोंडावरून, दोन वर्षांत एकदाही त्याच्या दारात न आल्यावरून. त्यावर मी आणखी जोरात ओरडलो. मागे ओडिलिया आधी रडत होती, मग झोपली. एसी इतका गार होता की तिने शाल पांघरली.

शाफ्टरचा चढ आला. चोनची बोटं दाराच्या मुठीवर घट्ट झाली आणि त्याने काट्यावरून नजर हलवली नाही. मीही बोलता बोलता तिकडेच बघत होतो. काटा मध्यावर होता. वळण आलं, दुसरं वळण आलं, मंगळवारी तो जिथे बेशुद्ध पडला ती जागा मागे गेली. काटा मध्यावरच. गार हवा येतच राहिली.

वर सपाटीला लागेपर्यंत माझा घसा बसला होता. मी गप्प झालो.

चोनने मूठ सोडली, सुजलेले पाय जरा पुढे पसरले आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"थांबलास का?" तो म्हणाला. "अल्पाइन अजून साठ मैल आहे."